रामजी सुभेदारांची तजवीज

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या जुन्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे एका मुलाचे नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता इंग्रजी पहिली. या नोंदीमुळे ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. नोंद वाचताना नजर साहजिकच पहिल्या नावावर खिळते. या लेखाचा विषय मात्र मधले नाव आहे.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांची ओळख आज बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते: बाबासाहेबांचे वडील, लष्करात सुभेदार, कबीरपंथी. ही ओळ खरी आहे, पण तेवढ्यावर थांबले तर माणूस हाती लागत नाही. आईवेगळ्या मुलांचा हा बाप पेन्शनीवर आल्यावरही नोकरी शोधत गावोगाव फिरला, दुष्काळी कामावर हिशेब सांभाळत बसला आणि उतारवयात परळच्या एका खोलीत रात्री जागून काढत राहिला. तो कसा जगला हे आपल्याला मुख्यतः त्याच्या मुलाच्या लिखाणातून कळते. ते लिखाण नीट, एकाशेजारी एक ठेवून वाचले पाहिजे.

त्यातला पहिला मोठा कागद म्हणजे बाबासाहेबांनी १९३०नंतरच्या दशकात स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आठवणी, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. त्यांच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये त्या पुस्तिकेच्या रूपाने काढल्या आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात, १९९३ मध्ये, त्यांचा समावेश झाला. दुसरा कागद म्हणजे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी एप्रिल १९५६ मध्ये लिहिलेली प्रस्तावना. तिसरा, न्यूयॉर्कहून ४ ऑगस्ट १९१३ रोजी वडिलांच्या एका मित्राला पाठवलेले पत्र. चौथा, १९२३च्या एका ग्रंथाचे अर्पणपृष्ठ. यांना जोड आहे ती दोन चरित्रांची: चांगदेव भवानराव खैरमोडे यांच्या मराठी चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये आला, धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ मध्ये. मुलाची साक्ष प्रत्यक्ष पाहिलेल्याची आहे, पण ती पस्तीस ते पन्नास वर्षांनंतर नोंदवलेली आहे. चरित्रकारांची साक्ष ऐकीव आहे, पण ती अनेकांकडून गोळा केलेली आहे. दोन्हींचे बळ आणि मर्यादा ध्यानात ठेवूनच पुढे जायला हवे.

पलटणीतून साताऱ्याला

कुटुंब मूळचे तेव्हाच्या दापोली तालुक्यातले. गाव आंबडवे, आज मंडणगड तालुक्यात. कंपनी सरकारच्या अमलाच्या सुरुवातीपासूनच घरातली माणसे वतनाचे काम सोडून पलटणीत जात आली, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. रामजीही त्याच वाटेने गेले. कीर सांगतात त्याप्रमाणे लष्कराच्या शाळेत ते चौदा वर्षे हेडमास्तर होते. भीमाबाईंशी त्यांचा संसार झाला. चौदा मुले झाली, त्यांतली पाच जगली: बळराम, आनंदराव आणि भीमराव हे मुलगे, मंजुळा आणि तुळसा या मुली. सर्वांत धाकटे भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मले.

भीमराव दोनेक वर्षांचे असतानाच रामजी निवृत्त झाले. पेन्शन महिना पन्नास रुपये. कायमचे राहायचे म्हणून दापोलीला आले, पण तो बेत बदलला आणि कुटुंब साताऱ्याला गेले. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी धरली. याच सुमारास लष्कराने महारांची भरती बंद केली होती. ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी सरकारकडे जो अर्ज करायचा होता, त्याच्या कामी रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली असे कीर नोंदवतात. स्वतःची नोकरी पुरी झालेली, पेन्शन चालू, तरीही पुढच्या पोरांचा रस्ता बंद होऊ नये म्हणून हा माणूस अर्जाच्या खटपटीत होता. घरासाठी त्यांनी पुढे जे जे केले, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

साताऱ्यात भीमाबाई गेल्या. कीरांच्या चरित्रात रामजींच्या दुसऱ्या लग्नाची नोंद आहे, आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून लहान भीमाला राग येई, हेही आहे. ‘व्हिसा’च्या आठवणींत मात्र सावत्र आईचा उल्लेख येत नाही. तिथे आहे ती आत्या. ती फार मायाळू, अंगकाठीने अगदी ठेंगणी आणि पायाने अधू. आधाराशिवाय तिला हलता येत नसे, पुष्कळदा उचलून न्यावे लागे.

त्या घराची एक गोष्ट मुलाने बारकाईने लिहून ठेवली आहे. घरचे कपडे बहिणी धूत आणि मुलांचे केस थोरली बहीण कापत असे. कापता कापता तिचा हात चांगला बसला होता. साताऱ्यात धोबी होते, न्हावी होते, आणि त्यांना द्यायला घरात पैसेही होते. पण अस्पृश्याच्या घरचा कपडा धोबी हातात घेत नसे, आणि न्हाव्याचा वस्तरा त्या डोक्याला लागत नसे. रामजींच्या अडचणीचे नेमके स्वरूप इथे दिसते. त्यांच्यापुढची अडचण गरिबांची नेहमीची अडचण नव्हती. कमावलेला पैसा हातात असूनही तो जिथे चालत नाही, अशा गावात त्यांना संसार करायचा होता.

मसूर स्टेशनावरची मुले

१९०१च्या सुमाराला रामजी खटाव तालुक्यात रोखपाल म्हणून गेले. दुष्काळ पडला होता, माणसे हजारांनी मरत होती, आणि लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. ‘व्हिसा’च्या छापील मजकुरात या कामाच्या गावाचे नाव कोरेगाव असे आहे. कीर गोरेगाव म्हणतात, आणि मजकुरातल्याच तपशिलावरून तेच बरोबर ठरते. कोरेगाव खटाव तालुक्यात नाही, ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे, आणि साताऱ्यापासून जवळ. तिथे जायचे असते तर मुले पुढे मसूरपर्यंत रेल्वेने जाऊन, तिथून रात्रभर बैलगाडीने कशाला गेली असती? मसूरला उतरून गाडीने गाठायचे, तेही खटाव तालुक्यातले, म्हणजे गोरेगावच. एका अक्षराचा हा फरक लहान वाटेल, पण वडील मुलांपासून किती अंतरावर होते हे त्यावरच ठरते.

मुले साताऱ्यात राहिली: भीमराव, त्यांचा थोरला भाऊ, आणि वारलेल्या सर्वांत मोठ्या बहिणीचे दोन मुलगे. म्हणजे रामजींच्या शिरावर स्वतःच्या मुलांबरोबर नातवांचाही भार होता. सोबतीला आत्या आणि शेजारचे काही भले लोक. चौघेही शाळेत जात आणि स्वयंपाकही करत. भाकरी-चपाती कुणाला जमत नसे, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करत आणि त्यावरच राहत.

रोखपालाला ठाणे सोडता येत नव्हते. मजुरांचे पैसे ज्याच्या ताब्यात, त्याला मुलांना भेटायला म्हणून साताऱ्याला यायची सोय कुठली? तेव्हा रामजींनी पत्र लिहिले: उन्हाळ्याची सुट्टी माझ्याकडे काढा. पत्रात प्रवासाचा सगळा तपशील होता. कोणत्या दिवशी निघणार ते आधी कळवा, म्हणजे स्टेशनावर शिपाई पाठवतो, असेही होते. ते पत्र आज आपल्यासमोर नाही, त्यातला मजकूर मुलाने तीस-पस्तीस वर्षांनी आठवून लिहिला. पण पत्रातले काय आठवले ते पाहा. मार्ग, दिवस, शिपाई. हीच रामजींची माया करण्याची रीत होती. जिथे स्वतः जाता येत नाही तिथे आपली व्यवस्था पोहोचावी, मुलाने पाऊल टाकण्याआधी त्याच्या पायाखालची वाट आपण पाहून ठेवलेली असावी.

मुलांनी तोवर आगगाडी पाहिलीही नव्हती. नवे विलायती सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी तयारी झाली. या कपड्यांचा खर्च रामजींच्या कमाईतूनच झाला असणार, दुसरी मिळकत घरात नव्हती. आत्याला शेजाऱ्यांच्या हवाली करून चौघांपैकी तिघे मुलगे टांग्याने दहा मैलांवरच्या स्टेशनावर गेले. थोरल्या भावाने तिकिटे काढली आणि धाकट्या दोघांच्या हातावर खर्चायला दोन-दोन आणे ठेवले. दोघांनी आधी लिंबूपाण्याची एकेक बाटली घेतली.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मुले मसूरला उतरली. शिपाई आलेला नव्हता. अर्धाएक तास गेला, फलाट रिकामा झाला. स्टेशनमास्तर चौकशी करू लागले. मुलांचे कपडे आणि बोलणे पाहून ती ब्राह्मणाची असावीत अशी त्यांची खात्री झाली होती. जात सांगितल्याबरोबर त्यांचा चेहरा पालटला. मग गाडीवाले कुणी तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे, या अटीवर. रात्र झाली. जवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हते. वाटेतल्या टोलनाक्यावर गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले, तरी पाणी मिळाले नाही. सगळी रात्र तहानेने काढून दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती वडिलांच्या मुक्कामी पोहोचली.

मुलांना पाहून वडिलांना आश्चर्य वाटले, ती येणार याची त्यांना काही वर्दीच नव्हती. मागाहून उलगडा झाला: मुलांचे पत्र आले होते, पण नोकराने ते त्यांच्या हाती दिलेच नव्हते. पुढे घरात काय बोलणे झाले ते मुलाने लिहिलेले नाही. चूक कुणाची, एवढे मात्र त्याने स्पष्ट नोंदवले, आणि त्या नोंदीने बापाला दोषातून मोकळे केले.

हा प्रसंग जातीच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण रामजींच्या बाजूने पाहिले तर त्यात आणखी काही दिसते. ब्राह्मणाच्या मुलांच्या बाबतीतही नोकराकडून पत्र राहून जाऊ शकले असते. तसे झाले असते तर स्टेशनमास्तरांनी दुसरी गाडी करून दिली असती आणि वाटेत कुणीतरी पाणी पाजले असते. गोष्ट थोड्या गैरसोयीवर मिटली असती. रामजींच्या मुलांना मात्र बापाच्या व्यवस्थेबाहेर कुठलाच आधार नव्हता. म्हणून अशा बापाची प्रत्येक तजवीज बिनचूक असावी लागे, आणि एकट्या माणसाच्या हातून तसे होणे शक्य नसते. चांगल्या कपड्यांनी मुलांना स्टेशनमास्तरांच्या नजरेत पाचदहा मिनिटे प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यापलीकडे बापाच्या पैशाचे काही चालले नाही.

परळची एक खोली

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. खोलीत भांडीकुंडी, सरपण, धूर आणि माणसांची दाटी होती, अभ्यासाला निवांत कोपरा नव्हता. कीरांनी दिलेली हकीगत अशी: रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्याच्या जागेवर आपण आडवे होत. पायाशी शेळी, उशाला जाते. दोघांना एका वेळी पुरेल एवढी जागा नव्हती, म्हणून रात्रच दोघांत वाटून घेतली होती. गिरणगावात पाळ्या चालत, तशीच ही बापलेकांची पाळी होती, फरक एवढाच की या पाळीचा पगार कित्येक वर्षांनी मिळायचा होता.

पुस्तकांची हकीगतही कीरांकडूनच कळते. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले की रामजी धाकट्या मुलीकडे उसने मागायला जात. तिच्याकडे नसले की थोरलीकडे. तिच्याकडेही रोकड नसली की तिचा एखादा दागिना घेत, मारवाड्याकडे गहाण टाकत, आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत नेऊन देत. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलांकडून घोटून घेतली, असेही चरित्रांत येते. चौदा वर्षे शिकवलेल्या हेडमास्तरांनी शाळा सुटल्यावरही शिकवणे सोडले नव्हते.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. पन्नास रुपयांच्या पेन्शनीत सगळ्यांचे शिक्षण भागेना, तेव्हा आनंदरावांची शाळा थांबली आणि ते कामाला लागले. गहाण पडणारे दागिने होते लेकींचे, आणि साताऱ्यात भावांचे केस कापणारी, कपडे धुणारी माणसेही बहिणीच होत्या. रामजींनी एका मुलाला पुढे नेले ते सगळ्या घराच्या पाठबळावर. त्यात निवड होती आणि ती निवड ज्यांना सोसावी लागली त्यांची नावेही इतिहासात लिहिली गेली पाहिजेत. त्याने रामजींचा मोठेपणा उणावत नाही. दागिना सोडवून परत नेऊन देणारा बाप लेकीचे ऋण ओळखणारा होता, हे त्याच हकिगतीतून दिसते.

मुलाने विचारलेला प्रश्न

१९५६च्या प्रस्तावनेत बाबासाहेब वडिलांना रोमन कुलपित्याची उपमा देतात. शिस्त कडक होती. रामजी कबीरपंथी, मूर्तिपूजा न मानणारे, तरी मुलांसाठी घरात गणपती बसवत, आणि ही विसंगती मुलाला खटके. रोज रात्री झोपण्यापूर्वी मुलांना महाभारत-रामायणाचा काही भाग मोठ्याने वाचावा लागे आणि बहिणी व शेजारपाजारचे लोक ऐकायला बसत.

भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा जातीतल्या लोकांनी सत्काराची सभा भरवायचे ठरवले. रामजींनी साफ नकार दिला: पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झाला आहे. मग लेखक दादा केळुसकरांनी मध्यस्थी केली आणि रामजी नरमले. ही इंग्रजी चौथीची परीक्षा होती आणि सभेचे अध्यक्ष केळुसकर होते, असे बाबासाहेबांना आठवत होते. कीर ही सभा १९०७च्या मॅट्रिकनंतरची सांगतात आणि अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले यांना बसवतात. पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीत इयत्ता आणि अध्यक्ष बदलणे नवलाचे नाही. केळुसकरांनी त्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, यावर मात्र दोन्ही साक्षी जुळतात.

ते पुस्तक वाचून मुलाने बापाला विचारले: ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची हीनता सांगणारे हे ग्रंथ तुम्ही आमच्याकडून का वाचवून घेता? पहिल्यांदा रामजींनी झिडकारले. काही दिवसांनी मुलाने पुन्हा विचारले, तेव्हा ते उत्तराची तयारी करून बसलेले दिसले. त्यांचे म्हणणे असे होते की अस्पृश्य म्हणून वाढणाऱ्या मुलांच्या मनात आपण कमी आहोत ही भावना घर करते. द्रोण, कर्ण, वाल्मीकी अशी सामान्य स्थितीतून वर आलेली माणसे या ग्रंथांत आहेत, ती वाचून ती भावना जाईल. मुलाला यात तथ्य वाटले, समाधान मात्र झाले नाही. महाभारतातली माणसे आपल्याला आवडत नाहीत, हे त्याने सांगितले. त्यावर रामजी गप्प राहिले.

मला या कागदांतली ही सर्वांत मोलाची जागा वाटते. कुलपित्याच्या घरात पोराने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा आणि बापाने मधल्या काळात त्यावर विचार करून ठेवावा, हे त्या काळच्या घरांत सहज घडणारे नव्हते. आई लहानपणी गेल्यामुळे आपल्या एकट्याला वडिलांशी थोडे मोकळे बोलता येई, असे बाबासाहेब स्वतः सांगतात. रामजींनी पाठांतर करून घेतले, पण त्या पाठांतराविरुद्ध बोलण्याची मुभाही याच घरात मिळाली. मुलगा बुद्धाकडे वळला तो बापाशी झालेल्या या वादातून, आणि हे त्याने स्वतःच्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवण्याजोगे मानले.

शेवटचे दिवस आणि दोन कागद

बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव बी. ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पंधरवडा जातो न जातो तोच तार आली: वडील अत्यवस्थ. कीर सांगतात, परतताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी मुंबईत पोहोचले तेव्हा रामजींचा जीव मुलात अडकलेला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी देह ठेवला. शिक्षणापायी झालेले कर्ज मागे राहिले, आणि काही महिन्यांतच मुलगा अमेरिकेला गेला.

४ ऑगस्ट १९१३चे पत्र या पार्श्वभूमीवर वाचावे. बाप जाऊन सहा महिने झालेले, पत्र बापाच्याच मित्राला. त्यात बाविशीतला हा तरुण लिहितो की आईबाप मुलाला फक्त जन्म देतात, त्याचे कर्म त्यांच्या हाती नसते, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे, आईबाप मुलांचे भवितव्य घडवू शकतात. आणि मुलग्यांच्या शिक्षणाबरोबर मुलींचेही शिक्षण झाले तर प्रगती वेगाने होईल. या पत्राकडे बाबासाहेबांच्या समाजविचाराचे आरंभीचे टिपण म्हणून पाहिले जाते. पण ते लिहिणाऱ्यासमोर उदाहरण कोणाचे होते? रात्री दोनला उठवणाऱ्या बापाचे, आणि ज्यांचे दागिने गहाण पडले त्या बहिणींचे. घरात जे घडले आणि जे घडायचे राहिले, ते दोन्ही या पत्रात विचार होऊन आले आहे.

१९२३ मध्ये लंडनला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाला. तो आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण आहे, आणि अर्पणात कृतज्ञतेचे कारणही दिले आहे: आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग आणि दाखवलेली समज. मुलाने त्याग आणि समज या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या, हे महत्त्वाचे आहे. त्याग पुष्कळ आईबाप करतात. कोणत्या गोष्टीसाठी करायचा हे ओळखायला समज लागते. पलटणीची भरती बंद झाली तेव्हाच रामजींनी जाणले होते की बंदुकीने घराण्याला दिलेली वाट आता शिक्षणाने द्यावी लागेल, आणि पुढची वीस वर्षे त्यांनी पेन्शन, नोकरी, झोप आणि लेकींचा विश्वास त्याच एका कामी लावला.

बाबासाहेबांच्या विद्वत्तेचा इतिहास कोलंबिया आणि लंडनपासून सुरू करण्याची सवय आपल्याला लागली आहे. तो सातारा, गोरेगाव आणि परळपासून सुरू झाला पाहिजे. रामजींनी ग्रंथ लिहिले नाहीत, सभा गाजवल्या नाहीत. त्यांनी वेळेवर पत्रे लिहिली, हिशेब चोख ठेवले, उसने घेतलेले परत केले आणि मुलाच्या प्रश्नाला उत्तर शोधले. देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाच्या घडणीत या कामांचा वाटा शिष्यवृत्तीइतकाच मोठा आहे. म्हणून रामजी सुभेदार, आनंदराव, मंजुळा आणि तुळसा यांची नावे त्या इतिहासाच्या मजकुरात यायला हवीत, तळटीपेत नव्हे.